सातवा ते दहावा दिवा

२००१ सालच्या मार्चमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून आमच्या ऑफिसात तक्रार आली, की पत्र्याला दाबून आकार देणारी दीडशे टनी प्रेस आपोआप थांबते. तिची पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, आम्हीच बसवली होती, म्हणून मला जावं लागलं. नाशिक रोडहून स्कूटरने पाऊण तास. अशा तक्रारीत बहुधा एखादी सैल वायर निघते.

प्रेसवर सावळीराम होता. पेठकडचा, चाळिशीतला, अकरा वर्षं याच मशीनवर. तो साच्यात पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढून दोन्ही तळव्यांनी दोन बटणं दाबायचा. वरचा साचा खाली बसेपर्यंत ती दाबूनच धरावी लागतात. शिवाय साच्यासमोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा होता. एका खांबातून वीस किरण निघतात, समोरचा खांब ते झेलतो. मधे काही आलं की मशीन जागच्या जागी थांबतं, आणि जो किरण तुटला त्याचा बारीक लाल दिवा खांबावर पेटतो.

सावळीराम म्हणाला, रोज पावणेबाराला थांबते. मी थांबून पाहिलं. पावणेबाराला त्याचे दोन्ही हात बटणांवर असताना साचा अर्ध्यात अडकला. सातवा, आठवा, नववा आणि दहावा दिवा पेटला होता. पाचेक सेकंदांनी चारही विझले.

मी पडद्याचा सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी केबल, तिसऱ्या दिवशी पीएलसीचं कार्ड. छपरातून येणारं ऊन, शेजारच्या वेल्डिंगचा उजेड, तेलाची वाफ, सगळं तपासलं. चौथ्या दिवशी पावणेबाराला पुन्हा तेच चार दिवे.

सावळीरामने आपला पंजा उभा धरून खांबावरच्या त्या चार दिव्यांशी लावून पाहिला. पंजा वरखाली थोडा उरला.

"हात हाय साहेब," तो म्हणाला. "पण माझा नाय. बाईमाणसाचा हाय."

मला त्याचा राग आला. चार दिवस फुकट गेले होते आणि माझ्याकडे याहून बरं उत्तर नव्हतं.

उत्पादन बघणारे शेखरराव आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि माल अडकल्याचं सांगितलं. दोन बटणं आहेतच, मग पडद्याची गरज काय, असं विचारलं. जमत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावतो, हेही सांगितलं. मी पॅनेल उघडलं आणि वीतभर वायरीने पडदा बायपास केला. आता किरण तुटला तरी मशीनला ते कळणार नव्हतं. हे कधी करू नये, असं मीच ट्रेनिंगमध्ये शिकवायचो. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. सर्व्हिस रिपोर्टवर मी लिहिलं, ‘सेन्सर बदलला. मशीन व्यवस्थित.’

सावळीरामने ती वायर पाहिली आणि प्रेसवर उभं राहायला नकार दिला. त्याला गोदामात टाकलं. त्याच्या जागी पॅकिंगमधली भागीबाई आणली, सुरगाण्याकडची, कंत्राटावरची. बटणं कशी दाबायची ते मीच तिला शिकवलं. ते लाल दिवे कशाचे, असं तिने विचारलं.

"तिकडे लक्ष देऊ नका," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी, पावणेबाराला, तिचा उजवा हात मनगटापासून गेला.

शेखरराव मला दवाखान्यात घेऊन गेले. त्यांनी भागीबाईच्या नावाने जबाब टाइप करून आणला होता, की घाईत चुकून मीच हात आत घातला. मशीन नीट होतं हे सांगायला इंजिनिअर म्हणून मी. भागीबाई शुद्धीवर होती. तिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं.

"मी दोन्ही बटणं दाबली व्हती, साहेब. दोन्ही हातांनी," ती हळू म्हणाली. "खाली बघितलं तर हात आतच व्हता. आधीपासून."

ती खरं सांगत होती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. दोन्ही बटणं दाबलेली नसती तर साचा खाली आलाच नसता. शेखररावांनी शाईचं पॅड काढलं. बाईमाणसाचा अंगठा उजवा घेतात, असं म्हणता म्हणता ते थांबले. मग डावा घेतला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला सरकारी अधिकारी येणार होते. त्याआधी मी वायर काढून खिशात घातली. पडदा चालतो का, हे त्यांना पाहायचं होतं. ते आल्यावर एका कामगाराने दोन्ही बटणं दाबून धरली आणि साचा खाली येत असताना मी माझा उजवा हात उभा धरून पडद्यात घातला. प्रेस जागीच थांबली. माझा पंजा मोठा आहे. अकरावा ते सोळावा, असे सहा दिवे पेटले.

मी हात बाहेर काढला.

अधिकारी मान खाली घालून लिहीत होते. पडदा कार्यक्षम, कामगाराचा निष्काळजीपणा. शेखरराव त्यांचं लिहिणं बघत होते.

माझा हात माझ्या खिशात होता. सहाही दिवे पेटलेले होते.

मी पाचपर्यंत मोजलं. मग विझले.

आठवड्याने शेखररावांचा फोन आला. प्रेस पुन्हा थांबायला लागली होती, वेळ मात्र बदलली होती. आता दुपारी सव्वातीनला. मी कोणते दिवे ते विचारलं. ते बघून आले आणि म्हणाले, अकरा ते सोळा. पुन्हा ती वायर लावून टाका आणि जरा स्वतः उभं राहून चालवून दाखवा, म्हणजे नव्या माणसाची भीती जाईल, असंही म्हणाले. ऑफिसने मंगळवार दिला.

त्या संध्याकाळी मी कोरा रिपोर्ट घेऊन बसलो आणि डाव्या हाताने सही करून पाहिली. ती वाचता येत नव्हती. मी दुसरी केली. रविवारपर्यंत बरी यायला लागली.