सीटवरची टरफलं

"गाडीजवळ शेंगा फोडू नकोस, पोरी. ट्रॅकवर टरफलं म्हणजे मरणाला आवतण."

म्हाताऱ्या ओटिस मेकॅनिकने मार्लीला बजावलं होतं.

मार्ली हसली होती.

मार्ली माझी सख्खी नणंद. यातला शब्दन् शब्द खरा आहे. गेल्या ऑगस्टमधला रविवार. इंडियानातला मातीचा ट्रॅक. भर दुपार.

तिचा नवरा ब्राइस चाकं असतील ते पळवायचा. मातीवरची छोटी गाडी, डांबरावरची अवजड गाडी, चोवीस तासांची शर्यत... कुठेही बसवा, पहिल्या तिघांत.

मार्लीला त्या गाड्या सवती वाटायच्या.

"आज हिचा आवाज ऐकलास? काय गोड!"

"आपल्या लेकीचा, टेसाचा ऐकलास का चार दिवसांत?"

जळणारा आणखी एक होता. केंट. बारा वर्षं मातीवरच अडकलेला. "सगळ्या ताटांत तूच जेवणार का रे, ब्राइस? आम्हाला खरकटं तरी ठेव!"

त्या रविवारी टेसाचा पहिला वाढदिवस होता. तरी ब्राइस निघाला.

मार्लीने त्याच्या सीटवर मूठभर टरफलं पसरली. घाबरून घरी येईल... एवढंच.

ब्राइस खरंच मागे फिरला.

पण गाडीच्या मालकाने त्या सीटवर केंटला बसवलं. केंटने टरफलं झटकली, हसला. "चला, एक ताट तरी आमच्या वाट्याला!"

तिसऱ्या फेरीत गाडी उलटली. केंट जागीच गेला.

पुढच्या रविवारी ब्राइसच्या डांबरावरच्या गाडीत... टरफलं.

मार्लीने ठेवली नव्हती.

मग कुलूपबंद गॅरेजमधल्या गाडीत. मग तिसऱ्या गाडीत. जिथे केंटला कधी कुणी बसवलं नव्हतं, तिथे तिथे.

ब्राइसने शर्यती सोडल्या. आता दिवसभर घरात, टेसाला खांद्यावर घेऊन. मार्लीला हवं होतं तेच.

टरफलं थांबली.

परवा दुपारी मार्लीचा फोन आला. दाराशी उभ्या गाडीतून शेंगा फोडल्यासारखा आवाज येत होता...

कट्... कट्...

दारं बंद. आत कुणी नाही. फक्त मागे टेसाच्या छोट्या सीटवर टरफलांचा ढीग. आणि सीटची गादी दबलेली... मोठं माणूस नुकतंच उठून गेल्यासारखी.

"वहिनी, ब्राइसचं जे जे आहे ते केंटला हवंय गं," ती म्हणाली. "ब्राइसला कसं सांगू, पहिली मूठ माझी होती?"

तेव्हापासून दोघांचेही फोन लागत नाहीत. मी दूर, पदरात तान्हं मूल.

त्या बाजूला कुणी राहत असाल तर एवढं करा. पांढरं घर, दाराशी निळी गाडी.

टेसाला बघून या.

आधी मागची सीट बघा.