अक्रोडाच्या फळीमागे

फळीच्या दर्शनी बाजूला एकही स्क्रू दिसता कामा नये, ही डोरीनची अट होती. फळी तिच्या आईच्या जुन्या कपाटाच्या दाराची, चांगल्या अक्रोडाची. गाडीचा डॅशबोर्ड त्याच फळीचा करायचा हेही तिनेच ठरवलं होतं. "पण माझ्या आईच्या कपाटाला भोकं पाडायची नाहीत, नेव्ह. कसं बसवायचं ते तुझं तू बघ."

नेव्हिल थॉर्प उमेदीची सारी वर्षं इंग्लंडातल्या लाउथच्या बस डेपोत फिटर होता, त्यामुळे 'तुझं तू बघ' हे त्याला आवडणारंच काम. त्याने बोल्टची डोकी फळीच्या पाठीला पक्क्या गोंदाने चिकटवली. बोल्टचे दांडे गाडीच्या पत्र्यातल्या भोकांतून पलीकडे निघायचे आणि पलीकडून नट कसायचे. समोरून फळी कशाच्या आधाराने उभी आहे ते कळू नये. फक्त ते नट आंधळेपणाने लावावे लागत. पाय ठेवायच्या जागेत उताणं पडायचं, फळीमागच्या पोकळीत हात वर घालायचा आणि बोटांनी चाचपायचं. नेव्हिलची बोटं म्हणजे गाजरं. सुट्या भागांच्या पेट्या आणून गॅरेजमध्ये ही गाडी बांधायला घेतल्यापासून असले नट लावायचं काम डोरीनकडेच होतं.

पोरवयात वाटाण्याच्या कारखान्यात कामाला असताना तिच्या उजव्या हाताची तर्जनी यंत्रात सापडली होती. तेव्हापासून ते बोट पहिल्या पेरापाशी आत वळलेलं. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. डोरीन त्या वाकड्या बोटाने कुठल्याही सांदीतला नट हुडकून आणायची.

फळी बसायच्या आतच, पानगळीच्या दिवसांत, डोरीन गेली. मुलगी टेसा लीड्सहून निघाली ती रस्त्यात अडकली. पोचली तेव्हा आईचा हात गार पडला होता. "मला तिचा हातसुद्धा धरायला मिळाला नाही," एवढंच ती बापाला म्हणाली आणि मग महिनोन् महिने काही बोललीच नाही. वसंतात एकदा फोन आला. आईची राख अँडर्बी क्रीकच्या समुद्रात सोडायची होती, आणि ती याच गाडीतून न्यायची, असं डोरीन स्वतः सांगून गेली होती.

"मे महिन्यात सरकारी तपासणीत गाडी पास झाली तर आपण तिघं जाऊ," टेसा म्हणाली. "नाहीतर मी माझ्या गाडीतून नेते तिला. तू आला नाहीस तरी चालेल."

नेव्हिलला ते शब्द लागले. पण 'तिघं' हा शब्द त्याने धरून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर ठेवलेली फळी खाली काढली.

शेजारचा बर्नी समोरून फळी दाबून धरायला आला. नेव्हिल आत उताणा, पाय सीटवरून बाहेर लोंबत असलेले. पहिलाच नट बोटांतून निसटला.

"पडला?" बर्नीने विचारलं.

"पडला असणार."

"असणार म्हणजे? आवाज नाही आला."

आवाज आला नव्हता खरा. नट पडला की पत्र्यावर टणकन वाजतो आणि पायाशी येतो. दोघांनी बॅटरी लावून पाहिलं, चटई उचलून पाहिली. नट नव्हता.

"तुझ्या पोटावर शोध," बर्नी म्हणाला. "तिथं अख्खी बस हरवेल." आणि तो जेवायला निघून गेला.

नेव्हिलने फळीला लाकडाचे टेकू लावले आणि एकट्याने पुन्हा हात वर घातला. वायरी, पत्र्याची कड, बोल्टचं टोक. तेवढ्यात त्याच्या बोटांच्या टोकांवर कुणीतरी नट ठेवला.

तो नट बर्फासारखा गार होता. नट ठेवणारी बोटंही तशीच गार होती. ती त्याच्या बोटांना टेकली, क्षणभर थांबली आणि मागे सरली. नेव्हिलने हात असा ओढला की कोपराची सालटं निघाली. त्याने आत उजेड टाकला. वीतभर पोकळी, त्यामागे इंजिनाकडचा अखंड पत्रा. तिथे मांजरही मावलं नसतं. पण ज्या बोल्टपर्यंत तो पोचू शकला नव्हता, त्यावर तोच नट शेवटपर्यंत चढलेला होता.

तो गाडीतच बसून रडला. भीती वाटायला हवी होती हे त्याला कळत होतं, पण त्याला इतका आनंद झाला होता की भीतीला जागाच उरली नाही. असले नट कोण लावतं हे त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर फळी रोज काही ना काही कारणाने निघू लागली. कधी वायर चिमटली म्हणून, कधी कड घासायची म्हणून.

"परत काढलीस?" बर्नी म्हणाला. "अरे बाबा, ही गाडी पास होईपर्यंत आपण दोघं नापास होऊ."

नेव्हिल हसायचा आणि बर्नी गेला की हात वर घालायचा. फळीमागून नट यायचा. हळूहळू तो नुसता हात धरून पडून राहू लागला. बोलायचा. टेसा फोन करत नाही, बर्नीच्या कुत्र्याने गुलाब उकरले, तुझ्या हातची वाटाण्याची आमटी मला जमत नाही. हात ऐकत असल्यासारखा स्थिर असायचा.

एका दुपारी बोलता बोलता त्याचा अंगठा त्या बोटांवरून सहज फिरला. चारही बोटं सरळ होती.

"डोरीन," तो हसत म्हणाला, "तुझं वाकडं बोट कुठं गेलं गं?"

हात ताठ झाला. मग सावकाश निघून गेला.

नेव्हिलने मनाची समजूत घातली. मेल्यावर माणसाची दुखणी जात असतील, मग हाडंही सरळ होत असतील. चहा झाला, संध्याकाळचं क्रिकेट झालं, तरी ती समजूत काही पचेना.

दुसऱ्या दिवशी त्याने हात घातला तेव्हा ती बोटं वाटच पाहत होती. त्यांनी स्वतःहून त्याचा अंगठा धरला आणि आपल्यावरून फिरवला. पहिलं बोट सरळ. दुसरं सरळ. तिसरं सरळ.

करंगळी वाकडी होती.

ती आत वळलेली नव्हती. बाजूला वळली होती, माणसाचं बोट कधी वळत नाही तशी. आणि हात थांबून राहिला. वर्गात उत्तर देऊन मूल बाईंच्या तोंडाकडे बघत राहतं तसा.

 नेव्हिलने हात हळूहळू, एकेक बोट सोडवत, बाहेर काढला.  उरलेला नट त्याने लांब नळीच्या पान्याच्या टोकाला चिकटपट्टी लावून, हात बाहेर ठेवूनच चढवला.

त्यानंतर तो गॅरेजमध्ये तोंडातून शब्द काढेनासा झाला. फोन वाजला तर बाहेर अंगणात जाऊन घ्यायचा. बर्नी बोलू लागला तर रेडिओ मोठा करायचा.

गाडी पास झाली. तपासणाऱ्याने फळीवरून दोन्ही हात फिरवले, कड धरून ओढून पाहिली.

"सुरेख. पण ही उघडायची कुठून?"

"मागून," नेव्हिल म्हणाला. "हात घालून."

टेसा रविवारी सकाळी आली. आईचा जुना निळा कोट घातलेला, राखेचा हिरवा डबा छातीशी. फळी पाहून तिचा चेहरा मऊ झाला. इतक्या दिवसांनी तिने बापाच्या गालाला ओठ टेकले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"आजीचं कपाट," ती फळीवर तळवा ठेवून म्हणाली. "बाबा, ही बसवताना आईचं वाकडं बोट हवं होतं रे."

"टेसा, चल निघू. वारा वाढेल."

"उजव्या हाताचं हे बोट," तिने आपली तर्जनी वाकवून दाखवली. "इथून, पहिल्या पेरापासून आत वळलेलं. त्याच बोटानं शाळेत जाताना माझ्या कोटाची बटणं लावायची. खालून वर."

"नको, टेसा. इथं नको."

"का नको?" तिचे डोळे भरले. "तिच्याबद्दल कधी बोलायचंच नाही का आपण? आणि बटणं लावून झाली की तळव्यावर दोनदा टिचकी मारायची. म्हणजे पळ आता."

नेव्हिलने इंजिन सुरू केलं. त्याचा आवाज खूप मोठा होता, पण सुरू व्हायला उशीर झाला होता.

आल्फर्ड गाव मागे पडेपर्यंत ती मोकळेपणी बोलत होती, वारा खात होती. बिनटपाच्या उघड्या गाडीत अर्धे शब्द उडून जात होते. फोनवर बोलले नव्हते तितके ते त्या रस्त्यावर बोलले. त्याने ज्यासाठी इतका जीव आटवला होता ते हेच होतं, आणि त्याला त्यातलं काही सुखाने घेता येत नव्हतं.

"तुझी एक वायर लोंबतेय," ती म्हणाली. "गुडघ्याला लागतेय. थांब, वर खोचते."

"हात लावू नकोस!"

तिने हात घातला होता.

ती बोलायची थांबली. नेव्हिलने वेग कमी केला तशी तिने मान हलवली.

"गाडी थांबवू नकोस, बाबा. प्लीज." गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तुला माहीत होतं. म्हणूनच तू बोलू देत नव्हतास. इतके दिवस तू एकटाच धरून बसलास हिचा हात."

"टेसा, ते बोट—"

"वाकडं आहे. तेच आहे. पहिल्या पेरापासून." मग ती लहान मुलीसारखी हसली. "टिचकी मारली. दोनदा."

 तिला खरं सांगणं म्हणजे आईचा हात तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेणं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि रस्ता पाहत राहिला.

अँडर्बी क्रीकला वाळूच्या टेकाडामागे त्याने गाडी लावली. समुद्राचा आवाज येत होता. तो खाली उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि दार उघडलं. ती हलली नाही. आता दोन्ही हात तिने फळीमागे वर घातले होते आणि डोकं फळीला टेकवलं होतं. राखेचा डबा खाली, चपलांपाशी कलंडला होता.

"चल, टेसा. आईला सोडायचंय."

"तू जा पुढं," ती डोळे मिटून म्हणाली. "मी आईजवळ बसते."

नेव्हिलने डबा उचलला. तो जड होता. त्याने फळीकडे पाहिलं. गुळगुळीत अक्रोड, डोरीनला हवा होता तसा. उघडायला कुठेही एक स्क्रू नव्हता.

टेसाचा कोट घरून निघताना उघडा होता. आता त्याचं सगळ्यात खालचं बटण लागलेलं होतं. तो पाहत होता तेवढ्यात त्याच्या वरचंही लागलं.