वळणावरचा शिक्का

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कोशित्से शहरात घरी बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परगावचा. बाकी सगळं शहर रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या पिटत असतं, कारण त्या दिवशी मॅरेथॉन असते. म्हातारी एतेला मात्र दर वर्षी शहराकडे पाठ फिरवून साडेदहाची बस पकडायची आणि सेन्या गावाला जाऊन उतरायची. काखेत घडीची खुर्ची आणि पिशवीत लिंबू घातलेल्या चहाचा थर्मास असे. सोबत खसखशीच्या रोलचे दोन तुकडे, एक तिचा आणि एक असाच.

"आजीबाई, शर्यत तिकडे आहे," बसवाला दर वर्षी तोच विनोद करायचा.

"तुझी असेल तिकडे," ती म्हणायची.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. या शर्यतीने दिवस सोडला नाही, पण वाटा बदलल्या. १९२४ साली पहिली धाव तुर्न्या गावाहून निघून शहरात आली होती. पुढे कित्येक वर्षं शहरातून निघायचं, दक्षिणेच्या सडकेने सेन्यापर्यंत जायचं, तिथे एका पिंपाला वळसा घालायचा आणि आल्या वाटेने परतायचं, असा रिवाज होता. आता शहरातल्या शहरातच दोन फेऱ्या मारतात. जिंकणाऱ्यांची नावं धावपटूच्या पुतळ्याखाली दगडात कोरली जातात. हरणाऱ्यांना दगड मिळत नाही आणि जो पोचलाच नाही त्याला तर कोणी विचारतही नाही.

इम्रो पोचला नव्हता.

ही गोष्ट १९७७ची. एतेला तेव्हा तेवीस वर्षांची होती, तारघरात कारकून होती आणि शर्यतीच्या दिवशी सेन्याच्या वळणावर टेबल मांडून बसायची. काम सोपं होतं. गडी पिंपाला वळसा घालून आला की यादीत त्याच्या नंबरापुढे खूण करायची आणि डाव्या तळहातावर निळ्या शाईचा गोल शिक्का उमटवायचा. शिक्का नाही तर वळला नाही, हा नियम. शेवटी स्टेडियममध्ये हात दाखवल्याशिवाय कोणाची धाव पुरी धरत नसत, मग तो कितीही नावाजलेला असो.

इम्रो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. त्याचा नंबर एकशे सतरा. पळताना त्याचं डावं पाऊल जरासं फटकन पडायचं, आणि मालिशच्या कापराचा वास त्याच्याआधी येऊन पोचायचा. त्या सकाळी तो तिला म्हणाला होता, "शर्यत संपली की अंघोळसुद्धा न करता थेट तुमच्या दारात. तुझ्या बापाला कळू दे, जावई कसल्या मातीचा आहे ते."

"आणि बाबांनी दार नाही उघडलं तर?"

"मग तू उघड. मी काय, ठोठावत उभा राहीन. दुसरीकडे जातोय कुठे!"

व्रात्ना गल्लीतल्या घरी एतेलाच्या बापाने तोंड वाकडं करत का होईना, आलुबुखाराच्या दारूची बाटली टेबलावर काढून ठेवली होती. म्हणजे होकारच.

प्रेमात पडलेल्या माणसाने कारकुनी करू नये. टेबल मांडल्याबरोबर एतेलाने पहिली खूण केली ती एकशे सतरापुढे. अजून शर्यत सुटलीही नव्हती. तो वळणारच, त्यात बघायचं काय, असं तिला वाटलं. आपल्या हातची पहिली खूण त्याची असावी एवढाच तिचा हट्ट. मग दोन वाजून गेल्यावर, तो यायची वेळ झाली तेव्हा, ती समोरच्या विहिरीवर केस विंचरायला गेली. तेवढ्यात वीस-पंचवीस जणांचा घोळका आला आणि गेला. ती धावत परतली.

"एकशे सतरा गेला?" तिने जोडीदाराला विचारलं. तो जाडजूड बार्तोलोमेय, टपालवाला, घामाघूम होऊन शिक्के मारत होता.

"मला काय विचारतेस? ही बघ की खूण, तुझीच," तो म्हणाला.

संध्याकाळी शर्यतीमागून येणाऱ्या ट्रकने शेवटचा लंगडणारा गडीही शहरात आणून सोडला. इम्रो नव्हता. मक्याची शेतं तुडवली, विहिरी पाहिल्या, कालव्यात गळ टाकले. सेन्यापुढे पाच-सहा किलोमीटरवर हंगेरीची हद्द. लोकांना तेवढं पुरलं. वळला कशाला, सरळ हद्द ओलांडून गेला तो, असं कारखान्यात उघड बोलू लागले. पोलिसांनी एतेलाला विचारलं, "तुम्ही त्याला वळताना डोळ्यांनी पाहिलंत?" ती हो म्हणाली.

त्या एका 'हो'वर तिने सत्तेचाळीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. बाप गेल्यावर व्रात्नातलं घर सोडून तेरासा नावाच्या वसाहतीतल्या उंच इमारतीत दोन खोल्यांत राहायला गेली. इम्रो जिवंत असेल ही आशा तिने कधीच सोडली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. मेला असेल तर मेला, पण माझ्याकडे तोंड करून मेला की पाठ करून? तो वळला होता का? बस्स, एवढंच.

शर्यत शहरात गेली त्या वर्षापासून ती सेन्याला येऊन बसू लागली. पिंपाच्या जागी आता टायरवाल्याचं दुकान आणि बसथांबा. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी दोन वाजून चौदा मिनिटांनी रिकाम्या सडकेवर पावलं ऐकू आली. पातळ रबरी तळव्यांची, एका लयीतली, दर दुसरं पाऊल फटकन पडणारं. ती जवळ आली आणि तिच्यापुढे दोन हातांवर थांबली. कापराचा वास आला. सडकेवर चिटपाखरू नव्हतं.

एतेला घाबरली नाही असं म्हणणं लबाडी होईल. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, आणि त्याच मिनिटाला पावलंही आली. ती येत, थांबत, आणि नंतर काहीच नसे. मागे फिरताना ऐकू येत नसत, पुढे जातानाही नाही. ती कान देऊन ऐकत राहायची आणि साडेतीनच्या बसने घरी जायची.

समोरच्या घरात वेरोना राहायची, विधवा, जिभेला हाड नसलेली.

"आलीस का गं नवरीबाई?" यंदाही तिने कुंपणावरून हाक मारली.

"आले."

"आणि नवरा? अजून वाटेतच?"

"रस्त्याला गर्दी असेल."

वेरोना हसली, पण लगेच तिचा आवाज खाली आला. "ऐक. कुत्रं सकाळपासून खाटेखाली जाऊन बसलंय. दर वर्षी आजच्याच दिवशी बसतं. तुझ्या त्या पाहुण्याला सांग बाई, एकदा काय ते उरकून टाक म्हणावं."

"तुला ऐकू येतं?"

"मला काही येत नाही," वेरोना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

यंदा पहिल्या शर्यतीला शंभर वर्षं झाली होती आणि एतेलाने सत्तरी गाठली होती. उन्हाळ्यात रंगकामासाठी कपाट हलवलं तेव्हा मागे बिस्किटांचा जुना डबा सापडला. आत ती यादी होती, आणि शिक्काही. एकशे सतरापुढची पेन्सिलची खूण अजून तशीच ठसठशीत होती. एतेलाने तिच्यावरून बोट फिरवलं. खूण मी केली होती, पण शिक्का कोणी मारला होता? बार्तोलोमेयने? तो तर खूण आहे म्हणजे शिक्काही झाला, असं धरून बसला होता. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला तिला सत्तेचाळीस वर्षं लागली. शिक्का नाही तर वळला नाही.

म्हणून यंदा पिशवीत निळ्या शाईची नवी गादी होती.

दोन वाजले. तिने खोडरबर काढून ती जुनी खूण पुसली. कागद तिथे विरला.

दोन वाजून दहा मिनिटं. वारा पडला. टायरवाल्याच्या दुकानावरचा पत्रा वाजायचा थांबला.

दोन वाजून चौदा.

पावलं आली. फटकन, फटकन. तिच्यापुढे येऊन थांबली.

"एकशे सतरा," एतेला म्हणाली.

कापराचा वास आला. कोणीतरी दमून श्वास घेत होतं. तिने शिक्का गादीवर दाबला आणि समोरच्या मोकळ्या हवेत पुढे धरला.

शिक्का टेकला.

ओला, गार तळहात होता. कातडीखालच्या शिरा शिक्क्याच्या रबरातून तिच्या बोटांना लागल्या.

मग पावलांनी जागच्या जागी वळसा घेतला, जिथे एके काळी पिंप होतं त्याच्याभोवती. आणि कोशित्सेच्या दिशेने निघाली. हळूहळू लांब गेली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत एतेला उभीच राहिली, आणि मग भर रस्त्यात मोठ्याने रडली. दुःखाने नव्हे. वळला होता. तिच्याकडे वळला होता.

डोळे पुसून तिने पेन्सिल घेतली आणि यादीत नवी खूण केली, या वेळी बघून केलेली.

मग तिला घाई सुटली. साडेतीनपर्यंत न थांबता तिने आधीचीच बस पकडली. बस मॅरेथॉनमुळे शहराबाहेरच थांबली. पुढे ती दुखऱ्या गुडघ्याने चालत निघाली, ती जुन्या स्टेडियमकडे. त्याची धाव तिथे संपणार होती. हात दाखवायला तिथेच यावं लागतं. साडेतीन वाजले, चार वाजले. पोरं फुटबॉल खेळत होती. तिने प्रत्येक फाटकाकडे पाहिलं. कोणी आलं नाही.

सव्वाचारला तिला ते वाक्य आठवलं. अंघोळसुद्धा न करता, थेट तुमच्या दारात.

व्रात्ना गल्लीतलं दार तेच होतं, रंग नवा होता. एका तरुण बाईने उघडलं, कडेवर मूल. टीमेआ तिचं नाव. एतेला कधीमधी गल्लीतून जायची, तेव्हा दोघी एकमेकींना हात करायच्या.

"आजी, तुम्ही? या ना आत. पांढऱ्याफटक पडलात अगदी."

"कोणी आलं होतं का गं? आत्ता, थोड्या वेळापूर्वी?"

"अगंबाई! तुमच्या ओळखीचा होता होय? आला होता एक जण, चाराच्या सुमाराला. शंभरीची शर्यत ना, म्हणून जुन्या काळचा पोशाख करून पळत असणार. कापडी नंबर, पातळ बूट. केवढा घामाघूम! म्हणाला, एतेला आहे का घरात?"

एतेलाने चौकट धरली.

"मी म्हटलं, एतेला आजी इथे राहत नाहीत आता. आणि आज तर त्या सेन्याला असतात, वळणावर. सगळ्या शहराला ठाऊक आहे."

"मग?"

"मग तो जरा गोंधळला बिचारा. म्हणाला, मी तिथूनच तर आलो. तिथे टेबलही नव्हतं, कोणी म्हातारी बसली होती शिक्का घेऊन. एतेला नव्हती."

कडेवरचं मूल एतेलाच्या गळ्यातल्या रुमालाशी खेळू लागलं. टीमेआने त्याचा हात बाजूला केला.

"मी म्हटलं, अरे थांब, पाणी तरी पी. पण ऐकतोय कुठे! म्हणाला, माझीच नजर चुकली असेल, परत जाऊन बघतो. आणि पळाला की पुन्हा सेन्याकडे."

एतेलाने चौकटीवरचा हात काढला. खांद्याच्या उंचीवर, पांढऱ्या रंगावर, दमलेल्या माणसाने पंजा टेकवावा तिथे निळी गोल खूण होती. तिची शाई अजून वाळली नव्हती.