तुसाच्या राखेत हात घालणारा

जीपमधून उतरला तो थेट आमच्या गिरणीमागं गेला आणि राखेच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला!

"अहो, भाजेल… आत निखारे असतात!"

"पंधराशे डिग्रीजवळ उभा राहणारा माणूस हाय मी," तो हसला. मूठभर राख त्यानं पिशवीत भरली.

कुंभारवाड्यातल्या आमच्या गिरणीत भात उकडायला तूस जाळतात. ती राख मी भांडी घासायला घेते. या पाहुण्याला, प्रज्योतला, ती पोलादासाठी हवी होती. तो रामनगरचा, बेळगावकडच्या पावडर कारखान्यात कामाला.

"वितळलेलं पोलाद तांब्याच्या साच्यात ओततात. वर आमची पावडर, असल्या राखेची. ती पातळ होऊन दोघांच्या मधनं उतरते."

"म्हणजे दोघांना लांब ठेवते?"

"लांब न्हाई ओ. जवळच… फक्त चिकटू देत न्हाई."

"मग आमच्या शांताआत्यासारखीच की!"

दाराशी तांदूळ पाखडणारी आत्या खाकरली. त्याचे कान लाल झाले.

पुढच्या आठवड्यात तो पोतं घेऊन आला. "कोरडी राख द्या. ओल राहिली तर पोलादावर उसळते, माणूस भाजतो. एवढी पास झाली, की परत यायला नको."

परत यायला नको? आत गेले… आणि पोत्यात तांब्याभर पाणी ओतलं.

तो पुन्हा आला. पुन्हा तांब्या. तिसऱ्यांदाही.

सांजवात लावताना दिवसभराचं चुकलेलं देवापुढं बोलायचं, हे माझं रोजचं व्रत. देवाला तीनदा सांगितलं. पण भाजणार होतं ते कुणा आईचं लेकरू! त्याला सांगितलं तर तो तोंडही बघणार नाही. न सांगितलं तर…

चौथ्या खेपेला त्याच्यासमोर उभी राहिले.

"राख मी भिजवली. तिन्ही वेळा… मुद्दाम."

"का?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

तो हळूच म्हणाला, "सुनयना, राख पहिल्या मुठीलाच पास झालीया. तुमची तिन्ही पोती माझ्या खोलीत वाळत पडल्यात. कारखान्यात गेलीच न्हाईत."

"मग इतक्या खेपा?"

"आता ते बी मीच सांगू व्हय?"

उकडत्या भाताची वाफ आमच्यामधून गेली. आत्या या वेळी खाकरली नाही.

"पुढच्या आठवड्यात आईंना घेऊन या," मी पदराशी चाळा करत पुटपुटले, "पण सोमवारी नको हं… त्या दिवशी माझं मौन असतं. हो म्हणता यायचं नाही."