न फिरलेला आकाशपाळणा

"मागून ढकलू नका हो! पुढे बायका आहेत, दिसत नाही का?"

आवाज अगदी माझ्या पाठीशी आला आणि इतका वेळ मानेवर रेललेली गर्दी एकदम हलकी झाली. मी वळून पाहिलं. एक उंच, सडसडीत तरुण टाचा मातीत रोवून, मागची सगळी रांग पाठीवर झेलत उभा होता. दोन्ही हातांनी त्यानं शेजारचा बांबूचा कठडा घट्ट धरला होता. चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला होता... आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

"चष्मा पडेल तुमचा," मी म्हटलं.

"पडू दे. हात सोडला तर मी पडेन," तो म्हणाला, "आणि तेही... तुमच्यावर."

मी पटकन तोंड पुढे फिरवलं. हसू दाबलं, पण खांदे हलले असणार. मागून त्याचंही हसणं ऐकू आलं.

सत्त्याहत्तर सालचा डिसेंबर होता. भिवंडीत आनंदमेळा आला होता आणि मी, सरोजिनी टिपणीस, टेलिफोन एक्स्चेंजमधली हक्काची रजा टाकून तिथे गेले होते ती केवळ गुणाबाईसाठी. गुणाबाई जवळच्या कोन गावची. माझ्या लहानपणापासून आमच्या कासार आळीतल्या घरी भाजी घालणारी. मेळ्याचा आकाशपाळणा तिला मंडईतून दिसायचा, आणि तो दिसल्यापासून तिनं माझा पिच्छा पुरवला होता. "बाय, मना एकदा त्याच्यान बसव. मेल्यावर वर जायचाच हाय, पन जिती असताना जाऊन बघते!"

आम्ही नेमका शुक्रवार निवडला. शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. एरवी दिवसरात्र खडखडणारं गाव त्या दिवशी गप्प असतं, आणि गावातला प्रत्येक माणूस मैदानात! आरसेमहालात शिरलो तर आरशांपुढे इतकी डोकी की आम्हाला आमचं तोंडच दिसलं नाही. मौत का कुआँ बंद, कारण मोटारसायकलवाल्याला ताप. भेळवाल्याकडे कांदा तेवढा उरला होता. धूळ अशी की गुणाबाईच्या नव्या लुगड्याचा हिरवा रंग मातकट झाला. आणि आता ही पाळण्याची रांग... पुढे सरकायचं नाव नाही.

"तुम्ही पण पाळण्यात बसायला?" मी न वळताच विचारलं.

"नाही हो. मी पलीकडे उसाचा रस प्यायला निघालो होतो. गर्दीनं इथे आणून उभा केला."

"मग जा ना."

"जाववत नाही..." तो म्हणाला, "म्हणजे, वाट नाही."

एवढ्यात पाळणा करकरला आणि थांबला. कठड्यावर चढून एक माणूस ओरडला, "भाईलोग, बेल्ट टूट गया! आज पालना नहीं चलेगा!"

झालं! रांग फुटली. मागचे पुढे, पुढचे मागे. गुणाबाईचा हात माझ्या हातातून कधी सुटला ते कळलंच नाही. गर्दी थोडी विरळ झाल्यावर पाहते तर ती कुठेच नाही. गुणाबाई कधी कुठे हरवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी टाचा उंचावून हिरवं लुगडं शोधू लागले.

तो मात्र तिथेच होता. चष्मा आता डोळ्यांवर होता.

"त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी? चला, भोंग्यावरून पुकारा करू."

मेळ्याच्या फाटकाशी कनातीत एक माणूस माईक घेऊन बसला होता. त्यानं दोन्ही नावं विचारून घेतली आणि साऱ्या मैदानाला ऐकवलं, "कोन गाँव की गुणाबाई जहाँ भी हों, फाटक पे आ जाएँ! कासार आळी की सरोजिनी टिपणीस आपका इंतजार कर रही हैं!"

ते ऐकून शेजारी उभा असलेला तो... एकदम माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "टिपणीस? टेलिफोनमध्ये आहात ना तुम्ही?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी अवधूत कर्णिक. कोनला राहतो. इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो." त्यानं चष्मा वर सारला. "दसऱ्याच्या सुमारास तुम्ही... मला नाही म्हणालात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. केसरीनाथकाका म्हणजे आमचे लांबचे नातेवाईक, लग्नं जुळवण्याचा त्यांना नाद. त्यांनी आणलेलं ते स्थळ! बघण्याचा कार्यक्रमसुद्धा झाला नव्हता. मी फोटोवरच परत पाठवलं होतं.

"फोटोत तुम्हाला चष्मा नव्हता," मी कसंबसं म्हटलं.

"फोटोग्राफरनं काढायला लावला. पण म्हणून काही नकार देत नाही कोणी. तुम्हाला गावात राहायचं नव्हतं. काकांनी सांगितलं मला. त्यात राग कसला..."

"असं सांगितलं त्यांनी?" माझा आवाज चढला. "अहो, गावाचं मला काय? गुणाबाईबरोबर मी लहानपणी कितीदा तरी कोनला आलेय! लग्न झालं की नोकरी सोडायची, ही तुमची अट होती."

"माझी?"

"नाहीतर कोणाची?"

धुळीतून पोरींचा एक घोळका पिपाण्या वाजवत गेला. मग तो म्हणाला, "अण्णांची असेल. माझ्या वडिलांची. आई गेल्यापासून ते थोडे... पण मी विचारायला हवं होतं. नकार आला आणि मी गप्प बसलो."

"का?"

"खरं सांगू? मघाशी हसताना ओळखलंही नाही, पण फोटोत तुम्ही फार रागीट दिसत होता."

"मी रागीटच आहे."

"ते आत्ता कळलं. पण राग शोभतो तुम्हाला..."

मी गर्दीत गुणाबाईला शोधत असल्यासारखं केलं. कान मात्र गरम झाले.

गुणाबाई काही फाटकाशी आली नाही. शेवटी आम्हीच तिला शोधत निघालो. चुरमुऱ्याच्या गाड्या झाल्या, बांगडीवाले झाले. गर्दीचा लोट आला की तो अर्धं पाऊल पुढे व्हायचा, माझ्या आणि गर्दीच्या मधे. अंगाला अंग लागणार नाही याची किती काळजी! मी ते पाहत होते आणि पाहत नाही असं दाखवत होते.

सापडली ती पाळण्याजवळच. बंद पडलेल्या आकाशपाळण्याच्या अगदी खालच्या पाळण्यात ही बाई पाय सोडून ऐसपैस बसली होती! मांडीवर कागदात भजी.

"गुणाबाई! अगं, भोंग्यावरून ओरडून ओरडून..."

"ऐकला मी. पन उठले असते तर जागा गेली असती." तिनं भजं तोंडात टाकलं. "हलत न्हाय तर न्हाय. बसले तर खरी! आनि वर जाऊन तरी काय दिसला असता? कोनच ना? ता मी रोज बघते."

मग तिची नजर माझ्या मागे गेली. "अगो बाय! हा तर अण्णांचा अवधूत! या, बसा दोघा. कोन न्हाय हाकलीत."

आम्ही समोरासमोर बसलो. पाळणा आमच्या वजनानं किंचित डुलला... तेवढंच काय ते फिरणं. संध्याकाळ झाली होती. मैदानातले रंगीत दिवे लागले आणि त्याच्या चष्म्याच्या एका काचेत लाल, एकीत हिरवा ठिपका चमकू लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भज्यांकडे पाहिलं.

आमचं काय बिनसलं होतं ते गुणाबाईनं दोन प्रश्नांत काढून घेतलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "अण्णा म्हातारा वाईट न्हाय गो. बायको गेल्यापासना दुपारचा जेवतच न्हाय एकला. ताट वाढून घेतो नि दारात उभा ऱ्हातो. वाटेनं जानाऱ्याला हाका मारतो, या जेवायला. कोन आला तर दोन घास खातो. सून घरान पायजे म्हनतो, ती यासाठी."

अवधूतचा चेहरा उतरला. "मला हे माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मी दुपारी शाळेत असतो. संध्याकाळी विचारतो जेवलात का, ते हो म्हणतात."

तो वळून दिव्यांकडे पाहत राहिला. त्या क्षणी मला तो... काय सांगू, फार आपला वाटला. नोकरी मात्र मी तरीही सोडणार नव्हते. तेही मी त्याला तिथेच सांगितलं.

"सोडूच नका," तो म्हणाला. "येत्या रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. केसरीनाथकाकांना वगळून."

रविवारी ते खरंच आले. अण्णा काठी टेकत, ताठ मानेनं. माझ्या वडिलांनी, दादांनी, त्यांना आत आणून बसवलं. आईनं पोहे पुढे ठेवले, पण अण्णांनी आधी मलाच विचारलं, "काय गं मुली, नोकरी सोडणार नाहीस म्हणे?"

"नाही अण्णा."

"मग घरी दुपारी कोण?"

रागानं विचारलेला प्रश्न नव्हता तो. मी त्यांच्याजवळ सतरंजीवर बसले. "सकाळची ड्युटी असेल तेव्हा दुपारी मी घरी असेन. दुपारची असेल तेव्हा तुम्ही अकराच्या सुमाराला बसनं इथे या. आमचे दादाही रिटायर झाल्यापासून एकटेच जेवतात. आई त्या वेळी देवळात गेलेली असते."

"उगाच काय सांगतेस," आई म्हणाली, पण दादांचे डोळे चमकले.

"कर्णिक, बेझिक येतो का तुम्हाला?" दादांनी विचारलं.

"येतो का?" अण्णांनी काठी बाजूला ठेवली. "काढा पत्ते."

अर्ध्या तासात दोघं पानांवरून वाद घालू लागले. पोहे गार झाले, मग आईनं पुन्हा गरम करून आणले, आणि अण्णांनी ते दोनदा घेतले. लग्नाचं बोलणं कधी झालं, ठरलं कधी, मला नीट आठवतसुद्धा नाही. हुकूम लावता लावता दादा म्हणाले, "मग चैत्रात उरकू," आणि अण्णा म्हणाले, "उरकू. पण ही राणी माझी आहे."

त्यांना पोहोचवायला मी बसस्टँडपर्यंत गेले. कोनवरून जाणारी कल्याणची बस लागलेलीच होती. अण्णा चढले, खिडकीशी बसले. कंडक्टरनं घंटी दिली... आणि अवधूत खालीच.

"अहो, बस!" मी ओरडले.

"जाऊ दे. अण्णांना सांगितलंय मी." बसनं वळण घेतलं, खिडकीतून अण्णांनी काठी हलवली. अवधूत माझ्याकडे वळला. हातांचं काय करावं ते न कळून त्यानं ते खिशात घातले, मग काढले. वर्गात पन्नास पोरांपुढे उभा राहणारा माणूस!

"अण्णांनी विचारलं. दादांनीही तुम्हाला विचारलं असेल. मी कुठे विचारलंय अजून?" तो म्हणाला. "सरोजिनी... त्या दिवशी कठडा धरून उभा होतो ना, तेव्हा तुम्ही कोण हेही मला माहीत नव्हतं. तरी मनात म्हणत होतो, ही रांग संपू नये. तुम्ही मला फार आवडता. मी तुम्हाला..."

भर बसस्टँडवर, पोत्यांवर बसलेल्या बाया टकामका बघत असताना, मी त्याचं मनगट धरलं.

"मलाही," मी म्हटलं. "फार."

पुढची बस आली. उभी राहिली. माणसं उतरली, चढली, कंडक्टरनं "कोन, कल्याण! कोन, कल्याण!" असा पुकारा केला. आम्हा दोघांपैकी एकानंही तिच्याकडे वळून पाहिलं नाही.