दुसऱ्या दोरावरचं घड्याळ

दोन हजार सातची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सिंदी रेल्वेच्या बाजारातून नारळ आणि चहापत्ती घेऊन लीलाबाई घरी आल्या, तर ओसरीवर त्यांचे मालक रूपराव दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधून बसलेले. नव्या जावयाने अंगठी दाखवावी तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“कोणतं शोभते वं?”

रूपराव म्हणजे त्या भागातले गोताखोर. शेती होतीच, पण कोणाच्या विहिरीत मोटर सुटली, कोणाचा पाणी भरायचा पितळेचा गुंड बुडाला, की निरोप रूपरावांना. दम कोंडून खाली जायचं, वस्तूला दोर बांधायचा आणि वर यायचं. त्यांच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक धरायला लग्न झाल्यापासून लीलाबाईच असत.

घड्याळं आणली होती स्वप्निलने. हा रूपरावांच्या बहिणीचा मुलगा, मालवणला पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवायचा. दोन्हीतलं एक मामाला देऊन उरलेलं तो स्वतः वापरणार होता.

“मामाजी, मोठं सिलिंडरवाल्यायचं आहे,” तो समजावत होता. “पाठीवर हवा घेऊन जो घंटाभर खाली राह्यते, त्याले ते सांगते, का रक्तात हवा किती मुरली, वर येताना मधात किती थांबाचं. तुमी तर दम कोंडून जाता. तुमाले लहान पाह्यजे. खोली पटपट दाखवते, वेळ झाली का वाजते. अन् वर आल्यावर पुन्हा जाच्या आधी आराम किती कराचा, तेही सांगते.”

“आराम सांगाले तुही मामी हाय ना,” रूपराव म्हणाले. त्यांची नजर मोठ्यावरून हटत नव्हती. बैल घ्यायला जावं आणि दात न बघता शिंगंच बघत बसावं, त्यातली गत.

लीलाबाईंना मात्र हसू आलं नाही. पोळ्याच्या सुमारास रूपराव एका विहिरीतून वर आले, काठाला हात लावला आणि तिथेच शुद्ध हरपून पुन्हा खाली जायला लागले. दोर लीलाबाईंच्या हातात होता म्हणून कुंकू राहिलं. त्या दिवसापासून गोताखोरी बंद, असं त्यांनी घरात बजावलं होतं. आता या घड्याळांमुळे विषय पुन्हा निघाला होता.

“लहान-मोठं मले नाई समजत,” त्या म्हणाल्या. “एक डाव उतरून दाखवा. जित्ते वर आले तर पुढं जाऊ देईन. नाईतर दोन्ही घड्याळं त्याले वापस.”

बोली झाली. ताराचंदशेठच्या बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या विहिरीत एक मोटर कधीची पडून होती. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तिघं तिथे गेले.

जिनात कापूस येणं थांबून वर्षं झाली होती, पण जुन्या सरकीचा तेलकट वास अजून भिंतींना धरून होता. विहीर मोठी, दगडी पायऱ्यांची. एकेक पायरी उतरावी तसा बाहेरचा आवाज मागे पडत जायचा. आधी रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येईनाशा झाल्या, मग कबुतरं, आणि शेवटच्या पायरीवर पोहोचल्यावर तर आपलाच श्वास भिंतीवरून परत येतोय असं वाटायला लागलं. पाणी काळं आणि अगदी स्थिर होतं. शेवाळाचा थंड वास थेट घशात उतरत होता.

रूपरावांनी नारळ फोडला. पाण्याला सांगून उतरायचं, हा त्यांच्या घराण्याचा नेम. किती जण येतोय ते जाताना मोठ्याने सांगायचं, किती जण चाललो ते निघताना सांगायचं. सांगितलेला आकडा पाणी लक्षात ठेवतं आणि त्यात कमी-जास्त त्याला खपत नाही, असं त्यांचे वडील म्हणायचे. दोन्ही घड्याळं एकाच खोलीवर काय दाखवतात ते बघायचं, म्हणून स्वप्निलही उतरणार होता. दोघांच्या कमरेला दोराचे फासे होते आणि मागची टोकं भिंतीतल्या लोखंडी कड्याला बांधलेली. लहान घड्याळ रूपरावांच्या हातात, मोठं स्वप्निलच्या.

“माय, आमी दोघं येऊन राह्यलो,” रूपराव पाण्याला म्हणाले.

इतक्यात वरून जिनाच्या चौकीदाराची, बंडूजींची हाक आली. स्वप्निलचा मोबाइल त्यांच्याकडे ठेवला होता आणि मालवणहून साहेबाचा फोन आला होता. स्वप्निलने फासा सोडून पायरीवर ठेवला. मनगटावरचं मोठं घड्याळ काढून त्या फाशालाच बांधलं आणि हसत म्हणाला, “यष्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना मामी, तसं समजा. ही जागा माही. आलोच.”

तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. रूपराव थांबले नाहीत. एकदा पाण्याला सांगितल्यावर त्याला ताटकळत ठेवायचं नसतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आवाज न करता खाली गेले.

लीलाबाईंच्या हातातून दोर सरकू लागला. तळाशी पोहोचल्यावर रूपराव एक हिसका देत, म्हणजे सगळं ठीक. दोन हिसके म्हणजे ओढ. एक हिसका आला. लीलाबाईंनी श्वास सोडला.

मग त्यांना बाजूला काहीतरी हलल्यासारखं वाटलं.

पायरीवरचा दुसरा फासा जागेवर नव्हता. दोराचं वेटोळं एकेक करून उलगडत होतं आणि दोर पाण्यात चालला होता, घाई नाही, धसमुसळेपणा नाही. पाण्यावर तरंगही नव्हता. लीलाबाईंना हाक मारायची होती, पण माणूस खाली असताना हाक मारत नाहीत. दोर सरकायचा थांबला. मग त्या दोरालाही एक हिसका बसला. सगळं ठीक.

वेळ जात राहिला. जायला नको इतका गेला. लीलाबाईंनी हातातला दोर हलकेच ओढून पाहिला. तो आला नाही. जोर लावला, तरी आला नाही. खाली मोठ्या दगडाला बांधल्यासारखा तो घट्ट बसला होता.

तेवढ्यात दुसऱ्या दोराला दोन हिसके बसले.

ओढ.

हातात नवऱ्याचा दोर, समोर कोणाचा ते माहीत नसलेला. आयुष्यभर धरलेला दोर सोडायला त्यांचा हात तयार होईना. दोन हिसके पुन्हा बसले, यावेळी कळवळून. लीलाबाईंनी आपला दोर सोडला आणि पायरीला पाय रोवून दुसरा ओढला.

रूपराव वर आले. फासा त्यांच्या काखेखाली नीट बसवलेला होता, मनगटावरचं लहान घड्याळ वाजत होतं. ते पायरीवर पालथे पडून खोकत राहिले. लीलाबाई त्यांची पाठ चोळत रडत होत्या आणि आपण रडतोय हे त्यांना कळत नव्हतं.

“दोर... पाइपात अटकला होता,” रूपराव दम खात म्हणाले. “कमरेचा फासा सुटेना. घड्याळ वाजून राह्यलं, पण जाऊ कुठी... स्वप्निलनं सोडवलं मले. वर आला ना तो?”

वरच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. स्वप्निल मोबाइल खिशात टाकत उतरत होता. त्याचे केस कोरडे होते.

“झालं का मामाजी? साहेब सोडतच नव्हता,” तो म्हणाला. मग दोघांचे चेहरे पाहून मधल्याच पायरीवर थांबला.

लीलाबाईंनी आवाज अगदी खाली आणला. “कोण होतं... आपले तानबा भाऊजी?” रूपरावांचा हा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर बुड्या मारायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“नाई,” रूपराव म्हणाले. “तानबाचा हात मी ओळखतो. हा लहान हात होता. अन्... काकणं वाजून राह्यली होती.”

फाशावर बांधलेलं मोठं घड्याळ नव्हतं. स्वप्निल पाण्याकडे वाकला, तशी लीलाबाईंनी त्याची बाही धरून त्याला मागे खेचलं.

निघताना पाण्याला सांगायचं होतं. रूपराव हात जोडून उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलेनात. दोघं येतो म्हणून सांगितलं होतं, उतरला होता एक. एकच चालला म्हणावं, तर पाणी दुसऱ्याला मागत बसणार, आणि पुढेही पाण्यात उतरणार होते ते रूपरावच. दोघं म्हणावं, तर बरोबर निघणारं दुसरं कोण...

लीलाबाई पुढे झाल्या. मळवट भरल्यासारखं त्यांचं कपाळ घामाने चमकत होतं, पण आवाज हलला नाही.

“माय, दोघं आले होते. दोघं चालले.”

पायऱ्या चढताना आणि पुढे घरापर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

लहान घड्याळ रूपरावांकडे राहिलं. स्वप्निल हात हलवत मालवणला गेला. बोलीप्रमाणे गोताखोरी सुरू झाली, आणि लीलाबाईंना वाटलं होतं तसा जिवाला घोर लागला नाही. उलट सुखच लागलं. रूपराव घड्याळाचं ऐकतात, वाजलं की वर येतात, सांगेल तेवढं बसून राहतात. लग्नकार्यात बाही वर करून घड्याळ दाखवतात, तेव्हा लीलाबाई लटक्या रागाने बघतात. घरात हसणं-खिदळणं आहे, रात्रीची झोप शांत आहे.

फक्त दोर आता पूर्वीइतका जड लागत नाही. काल पवनारजवळच्या एका मळ्यात रूपराव खाली होते. दोन हिसके आले आणि लीलाबाईंनी ओढायला सुरुवात केली. त्यांच्या हातामागे दोर मातीत सैल पडायला हवा होता. तो ताणलेला होता आणि त्यांच्या बरोबरीने मागे जात होता. पाठीशी शेवाळाचा थंड वास होता. लीलाबाईंनी मान वळवली नाही. पाण्यावर नजर ठेवून, जावेशी बोलावं तशा त्या हळूच म्हणाल्या, “एवढी घाई नोको करजो बाई. त्यायचे कान दुखते.”

आणि दोर हळू झाला.