मागं चालणारी प्रत

जोगाराव दुपारी ऑफिसात आला तो एका साध्याच कामासाठी. काकिनाड्याच्या दवाखान्याच्या नोंदी तिथल्या मशीनवर व्हायच्या, आणि त्यांची हुबेहूब प्रत इथं वरंगळला, जोगारावच्या ताब्यात. तिथं लिहिलं की इथं उमटायचं. तुफानात तिथलं मशीन बुडालं. आता या प्रतीलाच मूळ करायचं, म्हणजे दवाखान्याला पुन्हा नोंदी करता येतील. एक कमांड द्यायची, बस्स.

पण ते मशीन सांभाळणारी मंगतायारू त्याची बायको होती. शेवटच्या नोंदी पोचेपर्यंत ती जागची हलली नाही आणि पाणी खोलीत शिरलं. तिला अग्नी देऊनच तो परतला होता. अंगणात काढून टाकलेलं, चिखलानं भरलेलं मशीनही त्यानं पाहिलं होतं.

दोन्हीकडचं जुळतंय ना, हे कळावं म्हणून मंगा अधूनमधून चाचणीची ओळ लिहायची. नियमानं नुसतं ‘ठीक’ लिहायचं. पण ही बाई कसली ऐकते! घरच्यासारखी ‘अहो’ म्हणून हाक मारून लिहायची, ‘एवंडी, गोंगुऱ्याचं लोणचं सगळं संपवू नका हं.’ साहेबांनी झापलं, तरी ढिम्म. उत्तर द्यायला तो फोन करी. प्रतीवर लिहिता येत नाही, प्रत फक्त घेते.

स्क्रीन उजळली. बंद खोलीत ओल्या गाळाचा वास भरला. काकिनाड्याशी जोड तुटल्याची लाल खूण तशीच होती, आणि खाली एक नवी ओळ. आत्ताची.

‘एवंडी, इथं फार अंधार आहे.’

फोन वाजला. दवाखान्यातून तिथले म्हातारे डॉक्टर पद्मनाभम गारू बोलत होते.

“झालं का रे? कुणाचं रक्त कुठल्या गटाचं, काही कळेना इथं.”

“गारू... मंगा लिहितेय.”



“अडकलेलं काहीतरी उशिरा पोचलं असेल, बाळा. मूळ करून टाक.”

“मग तिकडचं काहीच घेणार नाही ही प्रत... कधीच.”

“ठाऊक आहे मला. पण बाळंतिणी आहेत रे इथं...”

आणखी एक ओळ उमटली. ‘आहात ना?’

जोगारावनं कमांड दिली. ओळी थांबल्या. मग टेबलावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा हमसून रडला.

दवाखान्याच्या नोंदी भराभर येऊ लागल्या. सवयीनं त्यानं तपासलं, या नव्या मुळामागं किती प्रती चालतायत? एकही असायला नको होती. एक होती. पत्ता काकिनाड्याचा. इथली प्रत्येक नोंद तिथं पोचत होती.

त्यानं चाचणीची ओळ लिहिली, ‘मंगा, मी आहे.’

पोचल्याची खूण लगेच आली. उत्तर येणार नव्हतं. आता प्रत ती होती, तिला फक्त घेता येत होतं. तिला काय सांगावं? तुला एकटीला सोडायचं नव्हतं गं, एवढंच त्याच्या मनात आलं.

ते त्यानं अजून लिहिलंही नव्हतं, आणि पोचल्याची खूण आली.